पेठेतले अण्णा गेले, आता उधारीच्या वहीचं काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीच्या पेठेतले किराणावाले अण्णा गेल्या आठवड्यात गेले. वय ऐंशीच्या पुढं. पेठेनं दुपारपर्यंत दुकानं बंद ठेवली, चौकातल्या फळ्यावर नाव लागलं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हार घातलेला फोटो पडला आणि त्याखाली जो तो "देवमाणूस गेला" म्हणून हात जोडून मोकळा झाला. मला काही ते पटेना. अण्णा पक्के दुकानदार होते. खडीसाखरेचा खडा कुणाला फुकट दिला नाही त्यांनी. पोरांनाही नाही. (दोन दुकानं सोडून पलीकडचा द्यायचा, म्हणून आम्ही हटकून त्याच्याकडं वळायचो आणि आई परत पिटाळायची.) पण पन्नास-साठ वर्षं अर्धं गाव त्यांच्या वहीवर जेवलं, हेही तितकंच खरं. तेवढं लिहावं म्हणून हा धागा.

दुकान मूळ त्यांच्या वडिलांचं. अण्णा गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा शेर-पायली जाऊन किलो येत होता. १९५७ ला नवे पैसे आले, पुढच्या चार-पाच वर्षांत वजनं बदलली. गावानं मात्र पायली सोडली नाही. सुगीत कुणी ज्वारी घालायला आला की अण्णा शेराचं माप काढायचे आणि मोजायला सुरुवात व्हायची, "लाभ... दोन... तीन..." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही. मापावरून हात फिरवून रास कापली की खाली सांडलेले दाणे घालणाऱ्याचे की घेणाऱ्याचे, यावरून एकदा चांगली जुंपली होती. अण्णांनी दाणे गोळा केले, रस्त्यावर कबुतरांना टाकले आणि म्हणाले, "आता दोघांचंबी न्हाईत. चला, सात."

दाराला लाकडी फळ्या, त्यावर डांबरानं घातलेले आकडे. चौथी आणि पाचवी उलटसुलट लागली की दार लागत नसे. ओट्यावर खड्या मिठाचं पोतं, ते रात्रीही बाहेरच. आत गुळाच्या ढेपा आणि त्या फोडायची सळई, गोडेतेलाचा डबा, त्यात सोडलेली पळी, छताला टांगलेलं सुतळीचं रीळ. पुडा बांधताना अण्णा सुतळीला असा तिढा द्यायचे की रस्त्यात सुटायचा नाही आणि घरी टोक ओढलं की लगेच मोकळा. मी पुष्कळदा करून बघितलं, मला जमलं नाही.

आता उधारी. बाहेरच्या माणसाला वाटतं, उधारी म्हणजे दया. तसं नसतं ते. आमच्याकडं पैसा दोन वाटांनी येतो. दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. कायदा १९६६ चा आहे, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्या, असं त्यात लिहिलंय. बिल प्रत्यक्षात कसं हप्त्याहप्त्यानं यायचं ते इथल्या उसवाल्यांना मी काय सांगणार. त्यामुळं अण्णांच्या वहीत दोन जातीची खाती असायची. दूधवाली दर दहा दिवसांनी मिटायची, उसवाली वर्षभर लोंबायची. दुधाच्या पैशावर ते सांगलीच्या गणपती पेठेतल्या होलसेलवाल्याचं देणं भागवायचे आणि त्याच जोरावर ऊसवाल्याला थांबायची मुभा मिळायची. म्हणजे एक म्हैस असलेली बाई पाच एकर उसाच्या मालकाला सांभाळत होती. दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. अण्णांना होतं.

व्याज ते घेत नसत. पण उधारीच्या गिऱ्हाइकाला साखर किलोमागं थोडी चढ्या भावानं लागायची आणि ते तोंडावर सांगायचे. "रोख देत आसशील तर हा भाव, लिवायचं आसंल तर ह्यो." दिवे लागल्यावर उधार लिहायचं नाही हा दुसरा नियम. संध्याकाळी सहानंतर पोरगं वाटी घेऊन आलं तर अण्णा माल द्यायचे, पण वहीत सकाळी चढवायचे. तोवर तो हिशेब त्यांच्या डोक्यात.

२००५ च्या पुरात पेठेत पाणी शिरलं तेव्हा अण्णांनी माल सोडून आधी वह्या माळ्यावर टाकल्या. तरी खालच्या दोन भिजल्या. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं पसरून निळं झालं. कुणाचे किती, काही वाचता येईना. गावात बातमी पसरली. काही जण स्वतःहून आले, "माझं एवढं होतं" म्हणाले. काहींनी आकडा कमी सांगितला. अण्णा ऐकून घ्यायचे आणि लिहायचे. त्यानंतर त्यांनी शाई सोडली आणि वही पेन्सिलीनं लिहायला लागले, कारण शिसं पाण्यात विरघळत नाही. २०१९ ला त्याचा उपयोग झाला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट), आमची पेठ माळ्यापर्यंत बुडाली. वही भिजली, सुकवली, अक्षर जागच्या जागी.

अशी ती वही आता अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, कपाटात आहे. सगळ्या मिळून पाच वह्या. रक्षाविसर्जनाला घाटावर दोघे-तिघे मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "आमचं थोडं राहिलंय, देतो." मुलगा चाकणला कंपनीत. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. आणि खरी अडचण पुढंच आहे. अण्णांनी खात्यांना नावं लिहिलेली नाहीत. "मळ्यातला धाकटा", "रेठऱ्याची", "एसटी मास्तर", "बैलजोडी", "लाल शर्ट". कोण म्हणजे कोण हे फक्त अण्णांना माहीत.

मंडळींनी सांगावं. अशा वहीचं काय करतात?

भडंगप्रेमी

अण्णांना श्रद्धांजली. मी अंकलखोपचा. औदुंबरला येणारे पाहुणे नदी ओलांडून पेठेत खरेदीला आले की अण्णांकडचे चुरमुरे न्यायचेच. बाकी वहीचं जाणकार सांगतील.

मोकळं रान

लेख चांगला आहे, पण थोडं दुसऱ्या बाजूनंही बोलू. माझी आजी मजुरी करायची. तिच्या गावच्या वाण्याकडं (भिलवडीचा नव्हे) ती जन्मभर उधारीत होती. "रोखीचा एक भाव, लिवायचा एक भाव" हे तुम्हाला कौतुकाचं वाटतंय. ज्याच्या हातात कधीच रोख नसते त्याला सगळा बाजार महागच पडतो, आणि जायचं तर दुसरीकडं कुठं? एकाच्या वहीत नाव असलं की शेजारचा दारात उभा करत नाही.

वह्या ही काय साधी वस्तू नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली तेव्हा त्यांना सोनंनाणं नको होतं, कर्जखतं आणि रोखे हवे होते. ते जाळले. मग १८७९ ला सरकारनं शेतकऱ्यांसाठी कायदा केला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. आपला तासगाव-वाळव्याचा भाग तेव्हा साताऱ्यातच. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं सांगली नाव पडलं १९६० ला. म्हणजे तो कायदा आपल्याच पणज्यांसाठी होता.

तुमचा अण्णा चांगला असेल. मी त्याच्यावर काही म्हणत नाही. पण वही चांगल्या माणसाच्या हातात होती म्हणून चांगली होती. उद्या वाईट माणसाच्या हातात गेली असती तर?

कृष्णाकाठ

मोकळं रान, तुमचं खरं आहे आणि मी ते लेखात झाकलेलं नाही. एक फरक मात्र सांगतो. सावकाराच्या रोख्यात जमीन अडकायची. अण्णांच्या वहीत कुणाची जमीन, भांडं, दागिना काही नव्हतं. कुणी बुडवलं तर त्यांच्याकडं एकच हत्यार होतं, पुढचा माल न देणं. तेही ते अर्धंच चालवायचे. ज्याचं खातं बंद केलं त्याला तेल-साखर नाही, पण मीठ आणि चहापत्ती चालू. का, ते मी एकदा विचारलं. म्हणाले, "मीठ बंद क्येलं तर त्यो दुसऱ्याच्यात जाईल. मंग माझं कवा मिळायचं?"

ह्याला दया म्हणा नाहीतर धंदा म्हणा.

होलसेलचा माणूस

मी वीसेक वर्षं त्या पट्ट्यात सेल्समन होतो. पलूस, भिलवडी, आष्टा, बुर्ली, नागठाणे. आता सोडलं. अण्णा माझ्या आठवड्याच्या बीटवर (ठरलेल्या फेरीवर) होते. दोन-तीन गोष्टी लिहितो.

कंपनीच्या मालावर दुकानदाराला शेकड्याला आठ-दहा सुटतात. साखर-तेलावर त्याहून कितीतरी कमी. सुटतं ते सुट्या मालावर: डाळी, मसाला, शेंगदाणे, खोबरं. तो निवडायचा, चाळायचा, पुड्या बांधायच्या. हे काम दुकानात कुणी करत नाही, घरात होतं. पुढं कुणीतरी लिहीलच, म्हणून थांबतो.

आता हिशेब बघा. मी माल टाकला की मला आठ दिवसांनी, फार तर पंधरा दिवसांनी पैसे हवेत, कारण माझ्या मालकाला कंपनी तेवढीही सवड देत नाही. अण्णा तोच माल उसाच्या बिलावर सहा महिने लिहून देणार. दहा टक्क्यांवर सहा महिने पैसा अडकवून ठेवायचा आणि त्यातून बुडीत वजा करायची. कागदावर हे जमत नाही. जमायचं एकाच कारणानं, दुकान स्वतःचं, भाडं नाही, पगार नाही, आणि घरची माणसं फुकट राबतात. पहिली पिढी हे करते. दुसरी करत नाही आणि का करावं? अण्णांच्या मुलाला कंपनीत पहिल्या महिन्याला जो पगार मिळाला असेल तो अण्णांनी एका वेळी कधी बघितला नसेल.

त्यांची एक खोड होती. स्कीमचा माल घ्यायचे नाहीत. "बारावर एक फुकट" म्हटलं की म्हणायचे, "मला सातच लागत्यात, पाच कुणाच्या डोक्यावर घालू?" माझं टार्गेट बोंबलायचं. पण एक्स्पायरीचा माल परत घ्या म्हणून भांडण करणारे दुकानदार मी शेकड्यांनी पाहिले, अण्णांकडं कधी एक्स्पायरी निघालीच नाही.

वजनकाट्याचं सांगतो. निरीक्षक येणार म्हटलं की पेठेत कुजबूज सुरू व्हायची. वजनांना दर दोन वर्षांनी शिक्का मारून घ्यावा लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी. अण्णा तारखेच्या आधीच सांगलीला जाऊन यायचे. प्रामाणिकपणा होता का? होता. पण मला म्हणाले ते असं, "शिक्का ताजा आसला की गिऱ्हाईक काट्याकडं बघत न्हाई, मंग घाई हुती आन् दोन वस्तू जास्ती घेतं."

रहिमतपूरची लेक

होलसेलचा माणूस यांनी जिथं थांबवलं तिथून पुढं मी.

माझ्या वडिलांचं रहिमतपूरला दुकान होतं. लोक वडिलांना ओळखायचे. शेंगदाणे आई निवडायची, हळकुंडं आई उन्हात टाकायची, तिखटाच्या पुड्या आम्ही बहिणी भरायचो. सुट्टीत मैत्रिणी मामाच्या गावाला जायच्या आणि आम्ही पावशेराच्या पुड्या करत बसायचो. मसाल्याच्या दिवसांत तिखटानं हात रात्रभर भगभगायचे, आई खोबरेल लावायची आणि सकाळी परत बसवायची. दुपारी वडील जेवून पडले की गल्ल्यावर आई, पण पाटीवर नाव "आणि सन्स". आम्ही तिघी बहिणीच!

तर कृष्णाकाठ, एक सुचवते. ती खाती कोणाची हे फक्त अण्णांना माहीत असं तुम्ही लिहिलंय. काकूंना विचारलंत का? दुपारी दोन ते चार दुकानात कोण बसायचं?

माळावरचा वारा

+१ रहिमतपूरची लेक. जबरदस्त प्रश्न.

मिरजेची वकीलीण

कायद्याचं थोडक्यात सांगते. घाटावर जे "देतो" म्हणाले त्यांचं त्यांनी द्यावंच, त्याला कायदा लागत नाही. प्रश्न आहे तो न देणाऱ्यांचा.

एक. विकलेल्या मालाचे पैसे मागायची मुदत साधारण तीन वर्षं (मुदत कायदा, १९६३). मधे ऋणकोनं, म्हणजे उधारी घेणाऱ्यानं, सही करून बाकी कबूल केली किंवा सही-अक्षरानिशी थोडी रक्कम भरली तर तिथून परत तीन वर्षं मोजायची. अण्णांच्या वहीवर गिऱ्हाइकाची सही कुठं असेल असं वाटत नाही.

दोन. मुदत गेली म्हणजे देणं संपलं असा समज आहे, तो चुकीचा. कोर्टात मागायची वाट बंद होते एवढंच. त्यानं खुशीनं दिलं तर ते योग्यच. लेखी सही करून देतो म्हणाला तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते वचनही धरलं जातं.

तीन. वही पुरावा म्हणून चालते, पण नुसत्या वहीवर कुणावर देणं लादता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ३४ होतं, आता १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २८. सोबत आणखी काही लागतं. पेन्सिलीनं लिहिलेली वही म्हटल्यावर समोरचा वकील हसणारच, कारण खोडता येते. पाण्यापासून वाचवायला जे केलं ते कोर्टात अडतं!

चार. वारसांना मृताचं येणं कोर्टातून वसूल करायचं तर आधी वारसा प्रमाणपत्र लागतं (भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम २१४). त्याला वेळ आणि खर्च. पाच वह्यांतल्या फुटकळ रकमांसाठी कुणी करणार नाही आणि करू नये.

आता उलट बाजू. अण्णांचंही कुणाचं देणं असेल, म्हणजे होलसेलवाल्याचं. मुलाला ते वडिलांच्या मागं राहिलेल्या मालमत्तेपुरतंच लागू. "बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य" हा जुना हिंदू कायद्यातला आधार, ९ सप्टेंबर २००५ ला कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, त्यानंतरच्या कर्जांना लागत नाही. मुलाला हे नीट समजावून सांगा, दुखवट्यात माणूस काहीही कबूल करून बसतो.

बेदाणा

२००५ च्या पुरानं शाई गेली आणि २००५ च्याच दुरुस्तीनं बापाचं कर्ज गेलं. काय योग आहे.

हरिपूरचा

पुराबद्दल. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत विहिरीसारखी खोल, हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ ला नदीचं पाणी आत गेलं आणि बरीच पेवं कायमची गेली. व्यापारी लोक नंतर गोदामांकडं, शीतगृहांकडं वळले. किराणावाल्याला असं वळायला जागा नसते.

२०२१ च्या पुरानंतर सरकारनं दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार असं जाहीर केलं. पंचनाम्याला माणूस आला की विचारायचा, माल किती होता, बिलं दाखवा. बिलं पाण्यात गेलेली. उधारी गेली त्याचा तर पंचनाम्यात रकानाच नाही. भिजलेली साखर नुकसान, भिजलेली वही नुकसान नाही.

नदीकाठच्या दुकानदारांनी विमा बघावा. १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात, एकूण ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला, त्यात पूर धरलेला असतो. खरेदीच्या बिलांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा म्हणजे झालं. माळ्यावर कागद ठेवायचे दिवस गेले.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. वकीलीणबाई, तुमचा प्रतिसाद मुलाला जसाच्या तसा पाठवला. होलसेलवाल्याचं देणं थोडं आहे, त्यानंच फोन करून "सवडीनं बघू" म्हटलंय.

रहिमतपूरची लेक, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. काल काकूंकडं गेलो. चहा झाला, मग मी वही काढली आणि विचारलं, "काकू, ही बैलजोडी कोण?" त्यांनी वहीकडं बघितलंही नाही. नाव, त्याच्या बायकोचं नाव, कुठल्या पोरीच्या लग्नाला तांदूळ नेला होता, तो आंबेमोहर की कोलम, सगळं सांगितलं. "ह्यांनी बैलजोडी लिवलंय व्हय? बैल तर कवाच इकलं त्यानं." असं करत तासाभरात पहिली वही जवळजवळ उलगडली. मुलगा शेजारी बसून लॅपटॉपवर टंकत होता, त्याचा वेग कमी पडत होता.

दुसरी एक गोष्ट कळली, ती आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. नोटबंदीच्या वेळची. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या दुकानापुढं रांग. दहा-दहा वर्षांची उधारी द्यायला माणसं आलेली, हातात पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा! ज्यांना पेठेत तोंड चुकवायची सवय होती तेही पुढं. अण्णांनी सगळ्या घेतल्या. पण त्यांचं खातं जिल्हा बँकेत, आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली. मग दुसऱ्या बँकेत मुलाच्या खात्यावर, थोड्या जावयाच्या, असं करत ३० डिसेंबरच्या आत उरकलं. काकू म्हणाल्या, "उभ्या जल्मात येवढी वसुली झाली न्हवती. मोदीला येक नारळ फोडला आमी." (राजकारण सुरू करू नका प्लीज, म्हातारीचं वाक्य आहे.)

लॉकडाऊनमध्ये उलटं झालं. पुण्या-मुंबईची पोरं घरी आली, पगार बंद, आणि पाचवी वही निम्मी त्या दीड वर्षात भरली. बहुतेक बाकी आहे ती तिथलीच.

मोकळं रान

मग काकूंनी काय ठरवलं? मागणार का?

कृष्णाकाठ

मागायचं नाही. पण आणून देईल त्याचं घ्यायचं आणि वहीत जमा लिहायचं, अर्धवट सोडायचं नाही, असं म्हणाल्या. मुलगा म्हणत होता की सगळ्यांचं माफ केलं असं ग्रुपवर टाकून द्यावं, लोक नाव काढतील. काकू भडकल्या. "माफ करायला आपून कोण मोठं लागून ग्येलो? देणार हाय त्याला दिऊ दे की." आणि मला तरी हे पटलं. ज्याला द्यायचंय त्याच्या तोंडावर दार का लावायचं?

दहाव्यापर्यंत अकरा-बारा जण येऊन गेले. मोठ्या बाकीवाले त्यात नाहीत, अर्थातच. एक बाई कोल्हापूरहून आली, तिच्या सासऱ्याचं खातं. रक्कम आज बघितली तर एका वेळच्या हॉटेलाच्या बिलाइतकी. काकूंनी घेतली, लिहिली, आणि पावशेर शेंगदाणे बांधून दिले. फुकट. अण्णा असते तर दिले नसते.

होलसेलचा माणूस

शेंगदाण्यावर हसलो. अण्णांनी वजन करून भाव सांगितला असता.

दुकानाचं पुढं काय?

कृष्णाकाठ

भाड्यानं द्यायचंय. एक मोबाईलवाला आणि एक पार्सलवाला विचारून गेलेत. पार्सलवाल्याला जास्त घाई आहे, कारण गावात रोज येणारी ऑनलाइनची खोकी ठेवायला जागा पाहिजे. काकूंची एकच अट, वर माळा आहे तसा ठेवायचा, पाणी आलं तर त्याचा माल वर टाकायला लागणार. तो म्हणाला, पार्सलं कंपनीची, माझं काय जातंय. तेव्हा काकूंचा कल मोबाईलवाल्याकडं झुकलाय.

एक मदत हवी आहे. भिलवडी, माळवाडी, धनगाव, ब्रह्मनाळ इकडचे जे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी. काकूंनाही तीन खाती लागत नाहीत: "रेठऱ्याची", "पंप" आणि "लाल शर्ट". नावं इथं उघड टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा. वसुलीसाठी नव्हे, मुलगा यादी पुरी करतोय म्हणून.

मिरजेची वकीलीण

हो, नावं अजिबात टाकू नका इथं. कुणाची उधारी चव्हाट्यावर मांडली म्हणून उद्या दुसराच दावा लागायचा.

भडंगप्रेमी

"पंप" बहुधा मला माहीत आहे. निरोप केलाय.

धनगावचा

"रेठऱ्याची" म्हणजे आमच्या आत्या असणार. रेठऱ्याहून दिलेल्या आमच्या आळीत त्या एकट्याच. आता नाहीत त्या. बाकी किती आहे कळवा, येत्या बाजारच्या दिवशी काकूंना नेऊन देतो. आणि "लाल शर्ट" मी नव्हे, आधीच सांगतो. माझं खातं "चष्मा" नावानं असेल, ते २०२२ ला मिटवलंय. वहीत बघून घ्या.

कृष्णाकाठ

बघितलं. चष्मा, चाळीस रुपये बाकी.

धनगावचा

अहो ते काडेपेटी आणि उदबत्तीचे, दिले होते मी! बरं, आत्याच्या पैशाबरोबर आणतो.